पॉकेटमधून पळालो तो मी

रविवार, संध्याकाळ. लेस्टर.

मॅच हरलो त्याचं एवढं काही नाही. पण निखिलची खाली घातलेली मान डोळ्यांसमोरून हलत नाही.

आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये क्वार्टरबॅक मी, म्हणजे पास देणारा. समोरचे अंगावर धावून येतात तेव्हा निखिल आणि बाकीचे चौघं त्यांना अडवून माझ्याभोवती जागा राखतात. त्या पॉकेटमध्ये मी नुसतं उभं राहायचं आणि लांब बघून बॉल फेकायचा. शेवटच्या वेळी निखिलने त्याच्या माणसाला नीट अडवलं होतं. अगदी नीट. मीच पावलांच्या आवाजाला घाबरून बाहेर पळालो, ते थेट त्याच माणसाच्या हातात.

कोच सगळ्यांसमोर निखिलला बोलले. मी शेजारीच बुटांच्या नाड्या सोडत होतो. का नाही बोललो? आवाज फुटला नाही, की सोयीचं वाटलं?

घरी येऊन त्याला फोन केला.

"चूक माझी होती रे. तू अडवलं होतंस त्याला."

"माहीत आहे," तो म्हणाला. लंडनजवळ पिनरमध्ये वाढलाय, मराठी जपून बोलतो, तरी चुकतो. "कोचचं मला काही नाही. पण तू पुढे बघतच नाहीस. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघतो, मी त्याला सोडला का म्हणून. तो गोष्ट मला लागतो."

खरंय. नीट अडवलं होतं त्याने, आणि मला ते पटलंच नव्हतं.

मग टीमच्या ग्रुपवर लिहिलं, निखिलची चूक नव्हती, पळालो मी. कोचचा लगेच अंगठा आला. निखिलने वाचलंय.