निरोगी क्रमांक दोन

६ जानेवारी
मशीन दुरुस्त होऊन आलं. कर्वेनगरच्या घरमालकीण काकूंनी विचारलं, दिवसभर नक्की करता काय? सांगितलं, माणसाच्या रक्तापासून स्टेम सेल, त्यांपासून मेंदूच्या पेशी बनवतो. मग औषध घालून त्यांना पळवतो आणि किती ऑक्सिजन ओढतात ते मोजतो. त्यावरून मायटोकाँड्रियात दम किती ते कळतं. "त्यासाठी मशीन कशाला? आमचा जिना आहे की. लिफ्ट बंदच असते."
उद्या सहाही लाइन्स, म्हणजे सहा माणसांच्या पेशी, एकत्र. तीन पार्किन्सनच्या पेशंटच्या, तीन निरोगी माणसांच्या.

८ जानेवारी
आकडे आले. पेशंटचे तिन्ही खाली, अपेक्षेप्रमाणे. नि-१, नि-३ वर. नि-२ मात्र पेशंटच्या पंगतीत जाऊन बसलाय. पळवलं की लगेच धाप.
बहुतेक माझाच घोळ. प्लेटच्या त्या खणांत पेशी कमी पडल्या असतील.

१३ जानेवारी
पेशी मोजल्या. कमी नाहीत. नवी प्लेट ओंकारकडून लावून घेतली, माझ्या हाताचा दोष नको म्हणून. तेच. ओंकार माझ्या शेजारच्या टेबलावर असतो, लोणी काळभोरचा. म्हणाला, "आकडा हाय तो हाय. मॅडमना सांगणार कोण?"
नि-२ म्हणजे खुद्द मॅडम, माझ्या गाइड. लॅब सुरू झाली तेव्हा रक्त द्यायला कोणी तयार होईना, म्हणून गाइडनेच स्वतःचं दिलं. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हे कौतुकाने सांगतात.

१४ जानेवारी
मॅडमनी तिळगूळ वाटला. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. हात स्थिर. मग स्वतःचीच लाज वाटली.
नि-२ वगळला तर थीसिस तरतो. ठेवला तर पेशंट आणि निरोगी यांच्यात सांगण्यासारखा फरक उरत नाही, सगळी वर्षं पाण्यात. वगळायचा मोह होतोय. खोटं कशाला लिहू.

१६ जानेवारी
सांगितलं. मॅडमचं पेशी, औषध, मशीन, सगळं विचारून झालं. माझं सगळं तपासून झालेलंच होतं. हळूच म्हणालो, हा एकच क्लोन, म्हणजे एका पेशीपासून वाढवलेला हा वाण, बिघडलेला असेल, वगळू या का.
"नको तो आकडा आला की वगळायचं कारण शोधायचं नसतं. ते आधी ठरवायचं असतं."
त्यांच्याच रक्ताचा दुसरा क्लोन फ्रीझरमध्ये आहे, तो काढायला सांगितला. माझ्या सूचनेबद्दल आणखी काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी
दुसऱ्या क्लोनचे न्यूरॉन होत आलेत. मॅडम रोज मायक्रोस्कोपखाली बघून जातात. एरवी महिनोन् महिने या खोलीत फिरकत नाहीत. आज म्हणाल्या, "दिसायला तर बऱ्या आहेत."

२१ फेब्रुवारी
दुसराही तसाच. प्लेट परत लावायचं कोणी सुचवलं नाही.

४ मार्च
पेशींचा डीएनए वाचायला दिला होता, त्याचं सिक्वेन्सिंग आलं. दोन्ही क्लोनच्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएत एकच बदल. पेशी बनवताना आला की मॅडममध्ये मुळातच आहे, हे ताज्या रक्तावरून कळेल. मुळात असला तरी आजार होईलच असं नाही, असली माणसं म्हातारपणीही पर्वती चढतात, असं मी मॅडमना समजावत बसलो. हे मला शिकवलं त्यांनीच. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
भीती वाटतेय. थीसिसची नाही.

६ मार्च
मॅडमनी ताजं रक्त दिलं. नर्सला शीर सापडेना, मॅडमनीच दाखवली. नर्स गेल्यावर बाही खाली केली, बटण लावलं, ट्यूबवर स्वतः कोड लिहिला आणि माझ्या हातात दिली.
"निकाल काय येईल तो पेपरात घाल. मला सांगू नकोस."
हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.
शोधनिबंधाचा पेपर छापायला जाण्याआधी ओळ न् ओळ तपासणाऱ्या त्याच.