आईला चार दिवस ठेवलं

प्रिय शोभा,

तू गेल्यापासून तुझ्याशी बोलायची हिंमतच झाली नव्हती. पण चार दिवस आईला परक्या हातात ठेवून आज घरी आणलं, आणि तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

सहा वर्षं तू तिचं केलंस. ती सगळं विसरत गेली, तुझं नावसुद्धा. मी कंपनीतून आल्या आल्या विचारायचो, "आई जेवली का?" तू जेवलीस का, हे कधी विचारलं का गं मी?

दौंडला तुझ्या भाचीचं लग्न होतं. "अहो, दोनच दिवस जाऊन येते," म्हणालीस. मी म्हणालो, "मग आईला कोण बघणार?" पिशवीत भरलेली साडी तू गुपचूप कपाटात ठेवलीस. भांडली का नाहीस? छातीत दुखायचं, तेही याचपायी अंगावर काढलंस, आणि त्यातच गेलीस ना!

तू गेलीस तेव्हा मी नुकताच रिटायर झालो होतो. सगळं माझ्यावर आलं. आईला लुगडं नेसवायला शिकण्यातच तीन महिने गेले. एकदा चिडून मी तिचा हात हिसडला. ती लहान पोरीसारखी रडली. मीही रडलो.

शेजारच्या मामींनी ते ऐकलं. म्हणाल्या, "तळेगाव ढमढेऱ्यात एका रिटायर नर्सबाईंनी घरातच चार खाटा टाकल्यात. आजारी माणूस चार दिस ठिवायचं, आन् घरच्यानं इसावा घ्यायचा."

मला लाज वाटली. लोक म्हणतील, आईला टाकलं! तरी आईला घेऊन गेलो आणि हे बोलून दाखवलं, तर नर्सबाई हसल्या. "दमला म्हणून आणलंय, टाकलं न्हाई. जा, झोपा."

पहिला अख्खा दिवस मी झोपून काढला, शोभा! आज न्यायला गेलो, तर आईची वेणी घातलेली, आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींना ती शेंगा सोलून देत होती.

तेवढ्यात निमोणे गावची एक बाई सासऱ्यांना घेऊन आली. तिचा पाय निघेना. "दादा, मी गेल्यावर यांनी हाक मारली तर?"

"जा ताई. मी आहे ना यांच्यापाशी," मी म्हणालो.

दोनदा मागं वळून बघत ती जीपमध्ये बसली. आईला शेजारी घेऊन मी संध्याकाळपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिलो.

आता दर गुरुवारी तिथल्या आजारी माणसांजवळ असंच बसायला जाणार आहे. आई असेपर्यंत तिला घेऊन, नंतर एकटा. शब्द देतो.

तुझाच,
दत्ता