पांढऱ्या माशीवरची हळद

आई, हे लिहायचं मी किती वर्षं टाळलं ते विचारू नकोस. पत्ता नाही म्हणून टाळलं असं म्हणता आलं असतं, पण पत्ता असता तरी टाळलंच असतं. आज सकाळी बसले, मग चहा केला, मग खिडकीत वाळत घातलेली सॅक आत घेतली, मग खिचडी टाकली. आता ती शिजेपर्यंत लिहिते. हिच्या बुडाखाली मुंग्या आहेत, असं तू म्हणायचीस ना? आहेत अजून.

अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमागची हीच खोली, हाच ओटा. भांडी झाली की तू कारखान्याच्या नगावारी कामासाठी ओटा कोरडा पुसायचीस आणि कडेला तो छोटासा शिकंजा आवळायचीस. त्याच्या चिमटीत गळ, गळावर रेशीम, कोंबड्याची पिसं, वरून केसासारखी तार. झाली खोटी माशी. परदेशातले लोक म्हणे ती नदीवर टाकतात आणि मासा फसतो. तू बाजारातल्या बांगड्यापलीकडे मासा बघितला नव्हतास, पण बोलायचीस अशी की जणू त्यांच्यात ऊठबस आहे. "कमी पीस लाव गं. तो काय पिसारा बघायला येतोय? त्याला किडा दिसला पाहिजे." पीस एका बाजूने गुंडाळायचं, तार उलट्या बाजूने, म्हणजे माशाच्या दातांनी पीस तुटलं तरी तार त्याला धरून ठेवते. शेवटची गाठ नखाने ओढून बघायची, वार्निशचा थेंब त्यानंतर. "गाठच धरत नसेल तर वार्निश काय धरणार?" हे सगळं माझ्या बोटांत अजून आहे, त्याचाच राग येतो.

कारण तो दिवसही आहे. शेजारच्या काकू, तू आणि मी ओट्याशी बसलोय. मी पांढऱ्या माश्या बांधतेय, आणि पहिल्यांदाच एकही गाठ सुटत नाहीये. मनातल्या मनात एकदम झकास वाटतंय. तू एक उचलून उजेडात धरतेस. पांढरं पीस पिवळट. डाळ मीच फोडणीला टाकली होती, बोटांची हळद पिसांना लागली. तू ब्लेड घेतेस आणि एकेक कापत सुटतेस. काकू म्हणतात, "अहो, राहू द्या ना, पोरीच्या गाठी बघा किती घट्ट आहेत." तू म्हणतेस, "हात न बघता बसली. तिच्या गाठी काय चाटायच्यात?" मग माझ्याकडे वळून, "ऊठ. तुझं हे काम नाही. तू एका जागी बसणारी नाहीस." काकूंच्या माश्या झाडूसारख्या व्हायच्या. त्या मात्र तू हळूच कातरून पास करायचीस.

मी उठले ती उठलेच. शाळाही तशीच सुटली. तू गेलीस तेव्हा मला ही खोली मिळाली, भांडी मिळाली, तुझी गादी मिळाली. शिकंजा काकूंना.

यंदाच्या उन्हाळ्यात हिमाचलात एका कॅम्पवर मी स्वयंपाकाला होते. तिथली नदी, यार, पाय घातला की हाडं वाजतात. एक कुत्रं तेवढं बिनधास्त उतरायचं, नाव विसरले त्याचं. असो. एक पाहुणा ट्राउट धरायला आला होता. त्याने दुकानातून आणलेल्या महागड्या माश्या भराभर उसवल्या. मी पक्कडीत गळ धरून एक बांधून दिली. चुलीपाशी बसून बांधलेली, हळद लागलीच. दिवसभर मासे तिलाच येत राहिले आणि गाठ जागची हलली नाही. तो म्हणाला, "किसने सिखाया?" मी म्हटलं, "किसीने नहीं." पिवळी चालते, आई. तू सगळ्या कापल्यास, आणि पिवळी चालते. हे तोंडावर सांगायला तू राहिली नाहीस.

परवा परत आले. काल जिन्यात काकू भेटल्या. "आलीस का गं? किती दिवस मुक्काम?"

"काकू, माझा शिकंजा द्या."

"तुझा?"

"मग काय तुमचा? झाडू बांधायला?"

वाट लागली. त्यांनी दार असं आपटलं की वरच्या मजल्यावरचे डोकावले. मला वाटलं, बरं झालं, संपलं एकदाचं. तेच लिहायला बसले होते, की मला तुझं काही नको.

आत्ता दार वाजलं. फटीतून बघितलं तर काकू! कालच्यानंतर त्या माझ्या दारात पाय ठेवतील असं स्वप्नातही नव्हतं. पदराखाली काहीतरी जड धरलंय. बाहेरूनच बोलतायत, "उघड गं. तुझी आई म्हणाली होती, ती स्वतःच्या तोंडाने मागेल तेव्हाच द्या, त्याआधी नाही. इतकी वर्षं तू मागितलाच नाहीस, मी काय करू?"

म्हणजे गेल्यावरसुद्धा तू माझे हातच तपासत बसलीस. एवढं मला तेव्हा सांगितलं असतंस तर जीभ झिजली असती का?

काकू पुन्हा दार वाजवतायत. मी अजून उघडलेलं नाही. रागाने नाही, आई. खिचडीची हळद बोटांना आहे. आधी ती घासून काढते.