राखलेली साल

डहाणू,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय जिव्या,

नमस्कार. रामनाथ लिहितोय. वापीच्या हिरे कारखान्यात तुझ्या शेजारी बसणारा, तो डावखुरा. एकतीस वर्षांनी पत्र म्हटल्यावर ओळख द्यायलाच हवी. तू आणि रूपी वहिनी खुशाल असाल अशी आशा करतो. तुझ्या मनिषचा नंबर मला तलासरीच्या खताच्या दुकानातून मिळाला. तीनदा लावला, आणि तिन्ही वेळा रिंग वाजायला लागली की मीच बंद केला. तोंडाने जमेना, म्हणून कागद घेतलाय. हसू नकोस.

आमचं ठीक चाललंय. कारखाना सोडून सोळा वर्षं झाली, तेव्हापासून वाडीच बघतो. यंदा दिवाळी उलटली तरी पाऊस हलेना, चिकूचा बहर निम्मा गळाला. माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. आता भिंग लावलं की पूर्वीसारखं दिसतं.

मुख्य बातमी म्हणजे माझ्या मयूरीचा साखरपुडा ठरला. रविवार, १४ डिसेंबर, आमच्या वाडीतच. मुलगा हितेश, बोर्डीचा. माझा एकच विनोद दुसऱ्यांदा ऐकूनही हसतो, यावरून स्वभाव काय तो समज. तू आणि वहिनी यावं, म्हणून हे पत्र. एवढंच लिहून थांबता आलं असतं. पहिल्या दोन कागदांवर तेवढंच लिहिलं होतं. ते फाडले.

मयूरीला अंगठीत हिरवा हिरा हवाय. पन्ना नाही, हिराच. म्हणाली, "बाबा, जन्मभर वाडीत राहिले, मला पांढरा खडा कशाला?" मग काय, घरात आपण जाणकार! तिने फोनवर एक खडा दाखवला, पोपटाच्या पंखासारखा हिरवागार. मी बघताक्षणी म्हटलं, हा यंत्रात घालून रंगवलेला. मातीतला हिरवा असा ओरडत नाही. जमिनीत किरणं सोडणाऱ्या खडकाशेजारी हिरा लाखो वर्षं पडून राहतो, तेव्हा कुठे त्याच्यावर हिरवा चढतो, आणि तोही बहुतेक वेळा नुसत्या सालीवर. हितेशने हळूच विचारलं, "काका, मग घालायला धोका नाही ना?" त्याला म्हटलं, नाही रे बाबा, धोका फक्त घेताना.

चिकूचं उदाहरण देऊन समजावलं दोघांना. आपण नखाने चिकू खरवडतो, आत हिरवं निघालं तर कच्चा म्हणून सोडतो. या हिऱ्याचं उलट. हिरवं वर, आणि खरवडलं तर आत काही नाही.

हे मला कुणी शिकवलं ते मी त्यांना सांगितलं नाही. ते तू शिकवलंस.

दोन आठवड्यांपूर्वी आम्ही तिघं सुरतेला गेलो. विपुलभाई म्हणून ओळखीचे दलाल आहेत. त्यांनी तीन पुड्या उघडल्या. पहिला खडा झगझगीत, पण प्रयोगशाळेच्या कागदावर साफ लिहिलेलं, रंग कृत्रिम. दुसऱ्याच्या कागदावर लिहिलं होतं की रंग नैसर्गिक की दिलेला, हे ठरवता आलं नाही. मयूरी म्हणाली, एवढ्या मोठ्या मशिनी असून ठरवता येत नाही? विपुलभाई म्हणाले, "बेन, हिरव्यामध्ये असंच आहे. मशीन पण कधी कधी हात जोडते." तिसरा लहान, फिकट, खाडीच्या पाण्यात सकाळी दिसतो तसा हिरवा. कागदावर रंग नैसर्गिक. मी तो भिंगाखाली धरला, फिरवला, आणि त्याच्या कमरेवर, वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतो त्या कडेवर, पॉलिश न केलेला एक ठिपका दिसला. कच्च्या हिऱ्याची साल, जाणून राखलेली. त्याचाच रंग आत फिरून सगळा खडा हिरवा दिसत होता.

मयूरीने भिंग घेतलं. "बाबा, इथे डाग राहिलाय."

हितेश म्हणाला, "घासून निघेल ना?"

आणि मयूरी लाडाने म्हणाली, "बाबाच काढतील. बाबांच्या हाताला तोड नाही."

जिव्या, मी भिंग तिच्या हातातून काढून घेतलं. मी म्हटलं, त्याला कुणी हात लावायचा नाही, तो गेला तर रंग जाईल. ती म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, "आमच्याकडे एकदा एकाच्या हातून झालं होतं."

एकाच्या हातून. एकसष्ट वर्षांचा माणूस, पोटची पोर समोर, आणि तोंडातून हे निघालं. खडा घेतला, घरी आलो, त्या दिवसापासून नीट जेवण गेलेलं नाही.

तो एक म्हणजे मी.

तुला तो दिवस आठवत असेलच. वहिनींना कळा सुरू झाल्याचा निरोप आला आणि तू जेवणाच्या सुट्टीआधीच निघालास. शेटने तुला आठवडाभरापूर्वी तो हिरवा खडा दिला होता, एवढ्या चाळीस माणसांत तुला. तो तुझ्या पुडीत होता, पुडीवर तुझं नाव. मी उघडून बघितला. सगळं काम झालेलं, फक्त कडेवर दोन ठिकाणी साल तशीच. मला वाटलं घाईत राहिलं असेल, शेट उद्या तुला बोलेल. आमच्या वाडीत चिकू पिंपात घालून, भुकटी घासून, लख्ख केल्याशिवाय बाजारात जात नाही. तीच सवय. मी चाकावर बसलो आणि दोन्ही ठिपके साफ केले. दहा मिनिटं लागली असतील. उचलून बघतो तर हिरवा गेला होता. मळकट पांढरा खडा माझ्या हातात.

मदत करायला गेलो होतो, असं मी एकतीस वर्षं स्वतःला सांगत आलो. आज तेही पूर्ण खरं सांगतो. मदत थोडी होती. बाकी मला बोचलं होतं. खडा तुला मिळाला, मला नाही, हे बोचलं होतं. उद्या शेट भिंगातून बघेल आणि विचारेल, ही कड कुणी इतकी सुबक केली, आणि मग तू माझं नाव सांगशील, असं काहीतरी डोक्यात होतं. विचारून करावं, एवढं सुचलं नाही.

खडा परत तुझ्या पुडीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेटने पुडी उघडली, तेव्हा तू एवढंच म्हणालास, "मी रंग राखला होता, शेट." आणि शेट काय म्हणाला ते मी इथे लिहीत नाही. तुझ्या पाड्यावरून, तुझ्या जातीवरून तो जे बोलला ते चाळीस जणांनी ऐकलं, मी त्यांतला एक. मी खाली मान घालून माझा खडा घासत राहिलो. तू डबा उचललास आणि गेलास. मग वापीत ज्या ज्या दारात तू गेलास तिथे तुझ्याआधी ती गोष्ट पोचलेली होती, हेही मला माहीत आहे. पंधरा दिवसांनी खिडकीजवळची तुझी जागा शेटने मला दिली. मी घेतली.

तेव्हापासून अच्छाडच्या ढाब्यावरून तुझ्याबरोबर पकडायचो त्या ट्रकने वापीला जाणं मी सोडलं, डहाणूहून आगगाडीने जायला लागलो. विचारणाऱ्याला सांगायचो, गाडी सोयीची पडते.

माफ कर असं लिहायला पेन उचललं होतं, पण ते मागायची ही रीत नाही. तू ये. चार माणसांसमोर, मयूरीसमोर, मी सांगेन की तो खडा कुणी बिघडवला. शेट वारला, कारखान्याच्या जागी आता गोदाम आहे, तिथे जाऊन सांगायला कुणी उरलं नाही. आपल्या वेळचे दोघेतिघे येणार आहेत, त्यांना तरी कळू दे. आणि तू नाही आलास तरी मी सांगणारच आहे, हे बंधन तुझ्यावर नाही. पण तू यावंस असं फार वाटतं.

मयूरीला अजून सांगितलेलं नाही. हे पाकीट चिकटवणार नाही. तसंच उघडं तिच्या हातात देईन आणि म्हणेन, आधी वाच, मग पोस्टात टाक. ती माझ्याशी काय बोलेल ते बघू.

वहिनींना नमस्कार. मनिषला आशीर्वाद. त्याच्या जन्माच्या दिवशी मी हे केलं.

'तुझा' लिहायचा हक्क उरला असेल तर, तुझा,
रामनाथ


तलासरी,
१६ नोव्हेंबर २०२५

रामनाथ,

पत्र पोचलं. पोस्टातून नाही. तुझी मुलगी गुरुवारी स्वतः घेऊन आली, सोबत तो बोर्डीचा मुलगा. अंगणात उभी राहून म्हणाली, "माझ्या बाबांनी लिहिलंय, मी वाचलंय." आणि पाकीट माझ्या हातात दिलं. रूपीने तिला चहा दिला. मी वाचत असताना ती आमच्या मोगऱ्याची रोपं बघत बसली. पोरगी चांगली आहे. तुझ्यासारखी बडबडी नाही.

मी फार लिहिणारा नाही. सातवीनंतर अर्ज सोडून काही लिहिलं नाही. मनिष म्हणाला मी लिहितो, त्याला नको म्हटलं.

तू लिहिलंस ते मला त्याच दिवशी कळलं होतं. शेटने खडा माझ्या तोंडासमोर धरला तेव्हा मी भिंगातून बघितलं. चाकाच्या रेघा उलट्या बाजूला पडल्या होत्या. अख्ख्या कारखान्यात डावखुरा एकच. मी बोललो नाही, कारण मला वाटलं तू बोलशील. मी डबा हळू उचलला. दारात थांबलो. चपला घालायला किती वेळ लागतो? मी खूप वेळ लावला.

मग तीन दिवस मी सकाळी अच्छाडच्या ढाब्यावर येऊन उभा राहिलो. काम गेलं होतं, तरी. खिशात पोरगा झाल्याचे पेढे होते. वाटलं, इथे एकटा भेटेल, इथे तरी सांगेल. तू गाडीने जायला लागलास हे चौथ्या दिवशी ढाबेवाल्याने सांगितलं. पेढे त्यालाच दिले.

राग होता. खूप वर्षं होता. खोटं कशाला लिहू? कामाचं नंतर झालं काहीतरी, मोगरा लावला, पोरं शिकली. पण पेढ्यांचा राग गेला नाही. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, कारण तुला ते माहीतच नव्हतं. आता माहीत झालं.

माफ केलं असं मी लिहीत नाही. ते एका पत्रात होत नाही. पण पत्र वाचून झाल्यावर मी रूपीला म्हटलं, खडा बघायला पाहिजे. ती म्हणाली, मग जाऊ.

एक महत्त्वाचं. अंगठी सोनाराकडे दिली असशील तर आजच फोन कर. खडा बसवल्यावर सोन्याला आच लावू देऊ नको. हिरव्या सालीला ताप लागला की ती तपकिरी पडते. पुढे कधी अंगठी सैल-घट्ट करायची झाली तर आधी खडा काढून घ्यायचा, हे मुलीला सांगून ठेव. आणि तो ठिपका सोन्याखाली पूर्ण दाबू नको. बाकीच्यांना दिसला नाही तरी चालेल, मला भिंगातून दिसला पाहिजे.

चौदा तारखेला सकाळी नऊला मी अच्छाडच्या ढाब्यावर उभा राहतो. ढाबा आता मोठा झालाय, पण चिंचेचं झाड तेच आहे. रूपी बरोबर असेल, तेव्हा ट्रक चालणार नाही, गाडी घेऊन ये. दुसऱ्या कुणाला पाठवू नको. येताना पेढे आण. मनिषचे.

राम्या, मी थांबतो. या वेळी ये.

जिव्या