बाबांच्या वाडग्यातली मोची

प्रिय केइगो,

पत्र बघून दचकू नकोस, बाबा ठीक आहेत. आत्ता शेजारच्या खोलीत सुमोच्या जुन्या कुस्त्या बघत बसलेत आणि हरणाऱ्याला नावं ठेवताहेत. मी फोनच करणार होते, पण घरातून करावा तर त्यांचे कान अजून तिखट, आणि बाहेर जाऊन करावा तर दुसऱ्या वाक्याला मला रडू फुटतं. मग तू म्हणतोस, “ताई, आधी शांत हो बघू,” आणि मला शांत करण्यातच सगळा वेळ जातो. म्हणून लिहायला बसले. गोष्ट एकच आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी बाबांच्या वाडग्यात मोचीचा चिकट भातगोळा घालायचा की नाही, या प्रश्नाने महिनाभर माझं डोकं पोखरलं आहे. हसू नकोस, पुढचं वाच.

उन्हाळ्यात बाबांना ऊन लागलं असं तुला सांगितलं होतं, ते खरं नव्हतं. मेंदूत एक छोटी गुठळी अडकली होती. हातपाय लवकरच ताळ्यावर आले आणि जीभ तर त्याआधीच आली. हॉस्पिटलच्या खाटेवरून मला दटावण्याइतकी ती तेज होती: “केइगोला कळवलंस तर बघ! तो तिकडे सेंदाईत नोकरी करणार की माझ्या काळजीत झुरणार?” पण घसा रुसला तो रुसलाच. गिळलेला घास कधी नीट खाली जातो, कधी श्वासाच्या वाटेला लागतो. पाणी सगळ्यात वाईट. त्यामुळे चहा असो की मिसोचं सूप, त्यात एक पांढरी पूड ढवळायची आणि ते दाट करून द्यायचं. पहिल्या दिवशी बाबा कपात डोकावून म्हणाले, “फुमिए, हा चहा आहे की खळ? पिऊ की सदऱ्याला लावू?” मी खूप हसले आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. तेव्हापासून जेवायला बसले तरी माझं लक्ष माझ्या पानात नसतं. त्यांनी घास घेतला की मी कान देऊन बसते. खोकला आला नाही तर माझा पुढचा घास.

आणि घसा रुसला तो कोणाचा, तर आपल्या बाबांचा! इतर ठिकाणी लोक जिभेने जेवतात, आपण घशाने. उदोनच्या जाड शेवया न गिळता चावून खाणारा माणूस आपल्या गावात पाहुणाच समजायचा. तुझी वाकाना लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा बिचारी एकेक शेव मन लावून चावत होती आणि बाबा तिच्याकडे, सायकल हातात धरून चालत निघालेल्या माणसाकडे बघावं तसे बघत होते. शेवटी न राहवून म्हणालेच, “सूनबाई, सोडून दे तिला, ती आपली आपण जाते खाली.” आता त्यांना प्रत्येक घास चावून चावून, मान खाली घालून गिळावा लागतो. एवढ्या जन्मात त्यांना कशाची लाज वाटलेली मी पाहिली नव्हती. या गोष्टीची वाटते.

ऑक्टोबरात मला कळलं की “समुद्रावर एक फेरी मारून येतो” म्हणून सकाळी बाहेर पडणारे बाबा इशिगामीबाईंच्या उदोनच्या दुकानात जाऊन बसतात. सोबत हाचियाकाका आणि न्हावी कुसुमोतोकाका, म्हणजे बालवाडीपासूनची टोळी. मी सुक्या मासळीच्या कामावरून तशीच उठले आणि ॲप्रन न काढता तणतणत तिथे पोचले. बघते तर तिघांच्याही वाडग्यांत उदोन पेराएवढे कापलेले. बाबांच्याच नव्हे, तिघांच्याही. मी तोंड उघडणार तोच इशिगामीबाईंनी मला आत ओढलं. “ओरडू नकोस गं बाई. पहिल्या दिवशी मी एकट्या तोकुजीचे, तुझ्या बाबांचे, कापून दिले, तर त्याने वाडग्याला हात लावला नाही. तेव्हा हाचिया म्हणाला, माझेपण काप, कवळी नवी आहे. आणि कुसुमोतो म्हणाला, माझेपण, जन्मभर न्हावीकाम केलं, कात्रीचा आवाज ऐकल्याशिवाय मला भूकच लागत नाही.” बाई बाबांचा रस्सासुद्धा दाट करून देत होत्या, पूड हाचियाकाकांनी आणून ठेवली होती. मग काय, मीही बसले. माझेही कापून घेतले. तो मासळीचा खमंग रस्सा, वर आलं आणि कांद्याची पात, बाहेर दर्यावरचा वारा, आणि आत तीन म्हातारे शाळेतल्या मास्तरांच्या नकला करताहेत. कितीतरी महिन्यांनी मी पोटभर जेवले. त्या सकाळी बाबांना एकदाही ठसका लागला नाही, आणि मला वाटलं, निभेल सगळं.

मग डिसेंबर उजाडला. तीस तारखेला देवळाच्या आवारात नेहमीप्रमाणे उखळ बाहेर काढतील, मुसळाचे घाव पडतील, वाफाळता भात कुटून कुटून मोचीचा मऊ गोळा होईल. हाचियाकाकांचं मुसळ वर गेलं की ओल्या हाताने गोळा उलटायचं काम आजवर बाबांचं. यंदा ते कुसुमोतोकाका करणार, बाबा बाजूला बसून चुका काढणार, तेवढं मी कबूल करून घेतलं आहे. पण पुढे काय? बाबांना घशाचे व्यायाम शिकवायला निशिओ नावाची मुलगी येते, गोड आहे, पण या बाबतीत पक्की. “बाकी सगळं आपण जमवू, पण मोची नको. आत चिकटली की ती निघत नाही.” बटाट्याच्या पिठाची एक नकली मोची तिने सुचवली, ती घशात विरघळते. मी केली. आईच्या मापाने अझुकीच्या लाल दाण्यांचं गोड पुरण शिजवलं, आत भरलं, पांढऱ्या मिसोच्या सुपात सोडली, लाल गाजराच्या चकत्या घातल्या. बाबांनी निमूट सगळी संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाले, “चांगली झालीय गं. हिला म्हणतात काय?”

मग वाडगा बाजूला सारून ते जे बोलले ते असं होतं. “हे बघ, मी तुझी खळ पितो. त्या पोरीसमोर आ करून कोकरासारखा ओरडतो. घास मोजून चावतो. कधी तक्रार केली? वर्षातनं एक सकाळ, एक मोची. ती न खाता नव्या वर्षात कसा शिरू मी? दार बंद असल्यागत वाटतं.” मी म्हटलं, “आणि अडकली तर?” तर म्हणाले, “तर अडकली.” केइगो, मी चिडले, खूप चिडले. दिवसभर ताटंवाट्या आपटल्या. संध्याकाळी बाबांनी टबात युझूची लिंबं तरंगत ठेवून मला हाक मारली, “जा, तू आधी जा न्हायला.” घरात पहिलं गरम पाणी कायम त्यांचं असतं, तुला ठाऊकच आहे. मी त्या सुगंधी पाण्यात बसून राहिले आणि माझा राग गेला, भीती मात्र होती तिथेच राहिली.

दरवर्षी नव्या वर्षाच्या आठवड्यात बातम्यांत सांगतात, अमुक गावी मोची घशात अडकून अमुक वृद्ध गेले. आपण तोंडातली मोची चघळत “अरेरे” म्हणतो आणि दुसरा वाडगा पुढे करतो. यंदा मला ती बातमी स्वप्नात ऐकू येते आणि तीत बाबांचं नाव असतं. मी अग्निशमन केंद्रात जाऊन पाठीवर कुठे आणि किती जोरात मारायचं ते शिकून आले. तिथला सरावाचा बाहुला माझ्या माराने टेबलावरून खाली पडला. व्हॅक्यूम क्लीनरला लावायची, घशातलं ओढून काढणारी एक चपटी नळीही आणून ठेवली. बाबांनी ती कपाटात पाहिली आणि विचारलं, “मला आतनं झाडून काढणार आहेस का?” गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालास, यंदा सुट्टी मिळत नाही, मार्चमध्ये येतो. तेव्हा बाबा किती खणखणीत आवाजात “ये रे सावकाश!” म्हणाले! त्या एका वाक्यासाठी त्यांनी आधी बराच वेळ घसा साफ केला होता, ते तुला ऐकू गेलं नसणार.

आता खरं सांगते. तुझं मत विचारायला हे पत्र लिहिलेलं नाही, कारण मी बाबांना काल हो म्हणून बसले आहे. खरी मोची, नखाएवढे तुकडे करून, मी समोर बसून. ऐकल्यावर लहान मुलासारखे खुलले. मग जरा वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले, “केइगोला बोलावू नकोस हां. काही झालंच तर त्याच्या डोळ्यांसमोर नको. जन्मभर दिसत राहील त्याला.” तेव्हा मला कळलं की त्यांनाही भीती वाटते, माझ्याइतकीच, आणि तरी त्यांना ती मोची हवी आहे. आणि दुसरंही कळलं. तुझ्या डोळ्यांसमोर नको, माझ्या चालेल. ते असं म्हणाले नाहीत, त्यांच्या मनातही आलं नसेल, पण अर्थ तोच झाला. मला नाही चालत, केइगो. मी एकटीने ते बघू शकत नाही. बाबा तो तुकडा हसत गिळतील किंवा गिळू शकणार नाहीत, जे होईल ते आपण दोघांनी बघायचं. एकतीसला निघून ये. बाबांना सांगू, अचानक सुट्टी मिळाली. तू नाही आलास तरी मी त्यांना मोची वाढणार आहे.

तुझी वाट बघणारी, तुझीच
फुमिएताई