आप्रोदो गल्लीतला पत्ता

४ नोव्हेंबर
रात्रनिवाऱ्यातला अकरावा आठवडा. तात्पुरता. समाजसेवा खात्याच्या नीवेसबाईंनी बोलावलं. पालिकेचा एका खोलीचा फ्लॅट रिकामा होतोय आणि लिस्टवर पहिलं नाव माझं. फक्त शहरात पत्ता नोंदलेला हवा. बेघरांची नोंद आप्रोदो गल्लीत करतात. अशी गल्ली ट्रिएस्तेत नाही. पालिकेने ती कागदावरच काढली आहे. फॉर्मवर मात्र छापलंय, 'मी येथे राहतो हे सत्य आहे.' सही जमणार नाही म्हणालो. बाई म्हणाल्या, अहो तुलियो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग तर मुळीच नाही, म्हटलं. वीस वर्षं प्रुफं तपासली आहेत मी. मुदत सत्तावीस तारखेपर्यंत.

७ नोव्हेंबर, सकाळ
हा माझा ताठा तर नाही ना? तीनदा विचारलं स्वतःला. नाही.
शेजारच्या खाटेवरचा गाविनो, पूर्वी बोटीवर आचारी होता, म्हणाला, "मास्तर, खोटं ते बोलतायत. तू नुसती सही कर." विचार करण्यासारखं आहे. वाचनालयात बसून महापौरांना पत्र लिहायला घेतलं.

१५ नोव्हेंबर
पत्र नऊ पानं झालं. पाचव्या पानावरचा एक स्वल्पविराम खटकतोय. उद्या नक्की टाकणार.

१९ नोव्हेंबर
पत्राची गरजच नाही. आईवडिलांच्या घरात आता बहीण राहते. तिथे मी खरोखर राहिलो आहे, म्हणजे तो पत्ता खोटा नाही. मिरेलाला फोन केला. दारिओला विचारून सांगते म्हणाली. नवऱ्याला विचारायलाच हवं, रीतच आहे.

२३ नोव्हेंबर
मिरेलाचा फोन नाही. तिच्याकडे रेंज कमी असते. माझाच बिघडला की काय म्हणून गाविनोच्या फोनवरून लावून पाहिला. वाजला. गाविनो म्हणाला, "बघ, कुणीतरी केला."

२७ नोव्हेंबर
मन घट्ट करून सहीला गेलो. 'राहतो' याच्यापुढे बारीक अक्षरात 'असे समजावे' एवढंच घातलं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, खाडाखोड चालत नाही, नवा फॉर्म आणा. आणेपर्यंत बारा वाजले, खिडकी बंद. नियम तो नियम. चूक त्याची नाही.

३० नोव्हेंबर
फ्लॅट गाविनोला मिळाला. लिस्टवर दुसरा होता. "रागावू नकोस मास्तर, चावी एकालाच देतात," म्हणाला. मी मनापासून अभिनंदन केलं. त्याची पिशवीही धरली ट्रामपर्यंत. संध्याकाळी सहापर्यंत त्याच्या खाटेवर नवा माणूस आला. भिंतीकडे तोंड करून झोपतो.

४ डिसेंबर
सही केली. काही न बदलता. आप्रोदो गल्ली, घर क्रमांक दोनशे एकोणनव्वद. पुढचा फ्लॅट कधी, विचारलं. उन्हाळ्यानंतर बघू, म्हणाल्या बाई.
दुपारी मिरेलाचा फोन. दारिओ नाही म्हणतोय, हे सांगायला तिला अवघड जात होतं. म्हटलं, राहू दे गं, माझी नोंद झाली, आप्रोदो गल्लीत. म्हणजे घर मिळालं तुला? रडलीच ती. मी हो म्हणालो. भाग कसा आहे? शांत आहे, म्हटलं, रहदारी नाही. रविवारी केक घेऊन येते म्हणाली.
म्हटलं, सामान तरी लागू दे आधी.