कुठल्या खान्यात काय

अण्णा, आज मी इंग्रजीत एक पान लिहून पुरं केलं आणि ते तुम्हाला ऐकवावं असं फार वाटलं. पुण्यात मी ज्या कंपनीत आहे तिथं ग्रिड नावाचा एक प्रकार तयार होतो, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा आडव्या-उभ्या खान्यांचा तक्ता. हा तक्ता काय काय करू शकतो, ओळी कशा खालीवर लावता येतात, नको ती उभी रांग कशी लपवता येते, हे इंग्रजीत समजावून लिहायचं माझं काम. मुलीला इंग्रजी लिहिण्याचा पगार मिळतो, हे तुम्ही ताडकळसच्या बाजारात भाजीवालीलासुद्धा थांबवून सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात एका सहकाऱ्यानं माझं पान परत पाठवलं. तो जन्मापासून अंध आहे, संगणक त्याला सगळं मोठ्यानं वाचून दाखवतो. म्हणाला, "तक्ता काय काय करतो ते सगळं लिहिलंत मॅडम, पण मी त्यात आत्ता कुठं आहे, ते कुठंच नाही." मला एकदम शाळेतला तुमचा इंग्रजीचा वर्ग आठवला. एकीच्या डोळ्यांना तुमची दस्ती बांधलेली, दुसरीनं इंग्रजीतून वाट सांगायची आणि पहिलीनं फळ्यापर्यंत पोचायचं. मी पाण्याच्या माठावर जाऊन आदळले तेव्हा अख्खा वर्ग हसला. तुम्ही मात्र वाट सांगणाऱ्या मुलीवर रागावलात. "ती न्हाई चुकली. ऐकणारी कुठं उभी हाय, ते सांगणारीनं आधी बघावं."

पुढं साखरेनं तुमचे दोन्ही डोळे नेले. तरी जेवताना तुमचं काही अडायचं नाही, कारण आई रीतीनंच वाढायची. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी आणि वरण उजवीकडे. तुमचा हात न विचारता जायचा. मीच एका दिवाळीत शहाणपणा करून खान्यांचं स्टीलचं ताट आणलं, सांडणार नाही म्हणून, आणि खान्याचा आकार बघून वाढत गेले. ठेचा गेला उजवीकडं. तुम्ही भाजी समजून भाकरीवर चांगला भरघोस घेतलात आणि असा ठसका लागला की मी घाबरून उभीच राहिले. आई कडाडली, "अगं, डावीकडचं उजवीकडं कोण वाढतंय? शिकून काय केलीस?" तुम्ही तांब्याभर पाणी प्यालात, डोळे पुसलेत आणि म्हणालात, "ताट लय चांगलं हाय माय. फक्त कुठल्या खान्यात काय, ते सांगायचं राहिलं. सांग आता. इंग्रजीत सांग."

मग मी घरी आले की हा आपला खेळच झाला. मी इंग्रजीत ताट सांगायचे, तुम्ही चुका काढायचात, आणि आई म्हणायची, गार व्हायलंय सगळं, जेवा की आता. पण पूर्वी सरळ भाजीवर जाणारा तुमचा हात त्या ठसक्यानंतर ताटावर क्षणभर थांबायचा. ते मला बघवायचं नाही. शेवटी परभणीच्या दवाखान्यात तोंडानं काही द्यायचं नाही असं सांगितलेलं. तुम्ही दुपारी मला जवळ बोलावता, म्हणता, "ताट वाढ की माय." समोर काहीच नाही. मी इंग्रजीत वाढते, मीठ, लिंबू, चटणी. तुमची बोटं चादरीवरून डावीकडून उजवीकडे सरकतात आणि थांबतात. "भाजी कशाची?" मी सांगते, वांग्याची. तुम्ही समाधानानं मान हलवता. त्यानंतर तुम्ही काही मागितलं नाही.

हे पान मी तसंच लिहिलंय, अण्णा. आधी वाचणारा कुठं आहे ते, मग त्याच्या डावीकडे काय, उजवीकडे काय, आणि मग ग्रिड काय करू शकतं ते. सहकाऱ्यानं ते ऐकत ऐकत तक्ता चालवून पाहिला आणि म्हणाला, "पोचलो मॅडम." मी जागेवरून उठून बाहेर गेले आणि रडले. एवढ्याशा गोष्टीला रडायचं कारण तिथं कुणाला सांगणार?

डोळे गेल्यावर जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं तुम्ही मी येईपर्यंत तशीच ठेवायचात, आईलाही फोडू द्यायचा नाहीत. वाचून दाखवायची मीच. म्हणून हे पत्रही लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत बसलेय. खरं सांगते, मघाशी ग्रिडचं ते इंग्रजी पानही वाचलं, आणि शेवटच्या ओळीनंतर जरा थांबले, तुम्ही चूक काढाल म्हणून.